वन्संची पिंपं आणि ह्यांचा डोळा

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या नणंदेनं माझ्या नवऱ्याच्या पाठीत फावडं घातलं. फावड्याचा दांडा नव्हे, फावडं. हे समोरच्या द्राक्षांच्या चोथ्याच्या ढिगावर पालथे पडले, उठले, तोंडात गेलेला चोथा थुंकला आणि बहिणीची वेणी मनगटाला गुंडाळून तिला अंगणभर ओढत नेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. सासूबाई कांदा चिरत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"अहो, जीव घेतील एकमेकांचा," मी म्हणाले.

"नाही घेत," सासूबाई म्हणाल्या. "तू मात्र मध्ये पडू नकोस. तू नवीन आहेस, तुलाच लागेल."

संध्याकाळी दोघं एकाच ताटलीतून खारे शेंगदाणे खात बसले होते. वन्संच्या कपाळाला खोक होती, ह्यांना पाठ टेकता येत नव्हती. कशावरून झालं ते मी विचारलं, तर दोघांनाही आठवेना.

मी देवभोळी नाही, पण देवाला मानणारी आहे. त्या रात्री झोपण्याआधी हात जोडून म्हटलं, देवा, कुठं आणून टाकलंस? उत्तर मिळायला एकोणीस वर्षं लागली.

माझे सासरे वाईन करायचे. द्राक्षाची बाग, मागे मोठं तळघर, त्यात रांगेनं लाकडी पिंपं. माणूस कामात पक्का, पण तोंडानं सांगायची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. पिंप नीट धुतलं नाही तर कानाखाली. नीट धुतलं तर पाठीत एक, पुढच्या वेळी लक्षात राहावं म्हणून. ही दोन भावंडं त्या शाळेत शिकली. राग आला की हात, कौतुक वाटलं की हात, काही सुचेनासं झालं की हात. आमच्या ह्यांनी माझ्यावर किंवा मुलांवर आजवर बोट उचललेलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण बहिणीशी बोलायचं म्हटलं की ह्यांचा हात आधी पोचायचा आणि शब्द मागून यायचे, आले तर.

वन्संचं लग्न अकरा महिने टिकलं. नवरा मारायचा. त्याचं वन्संना विशेष वाटलं नाही. पण एक दिवस त्यांनी उलट मारलं, तर तो रडत चौकीत गेला. "असला माणूस," वन्सं सांगायच्या, "द्यायला पुढे आणि घ्यायची वेळ आली की साहेब, साहेब करत पळतो. त्यापेक्षा आपला धाकट्या बरा. खातो तरी मुकाट." धाकट्या म्हणजे आमचे हे.

त्या परत आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांना मागची पत्र्याची शेड दिली आणि वाईनसाठी निकामी झालेली चार जुनी पिंपं. "यात काय भरायचं ते भर," म्हणाले, आणि सवयीनं पाठीत एक घातला. वन्संनी त्यात बिअर भरली. बार्लीची, घरीच उकळलेली. वर्षभर ठेवली. जुन्या लाकडात काय काय मुरलेलं असतं, ते बिअरमध्ये उतरलं आणि ती आंबली. साधी नाही, डोळे मिटतील अशी आंबट. सासऱ्यांनी घोट घेतला, भिंतीवर थुंकला, वन्संना चार ऐकवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून शेडच्या दारात येऊन उभे राहिले आणि रिकामा पेला पुढे केला. वन्सं म्हणतात, "बापाला आयुष्यात एकदाच हरवला, तो आंबटावर."

पुढं त्यांना सुचलं की या आंबट बिअरमध्ये आपल्याच बागेतली काळी द्राक्षं घालावीत. तेच त्यांचं नाव झालं. वर्षभर मुरलेली बिअर, त्यात पिंपाच्या वरच्या भोकातून एकेक ओंजळ द्राक्षं सोडायची, थोडी चेचलेली, सालासकट. मग तीन महिने तशीच ठेवायची. रंग जांभळा होतो, वास वाईनचा आणि चव कुणाच्या बापाची नाही. मी पीत नाही. कामापुरती जीभ लावून बघते. पण खोटं कशाला बोलू, जीभ लावली की माझ्याही तोंडाला पाणी सुटतं.

यात एक खुबी आहे, ती इथंच सांगून ठेवते. वर्षभर मुरलेली बिअर निवांत असते, पण तिच्यात द्राक्षं पडली की त्यांच्या गोडीनं ती पुन्हा जागी होते. फसफसते, हवा सोडते. त्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. म्हणून भोकात बूच घट्ट मारायचं नाही, त्यातून एक नळी काढून पाण्याच्या बादलीत सोडायची. बादली दिवसरात्र बुडबुडत राहते. शिवाय सालं वर येऊन भोक बुजवतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ काठी घालून ती खाली ढकलायची. वन्सं पहाटे शेडमध्ये गेल्या की आधी कान देऊन उभ्या राहायच्या. चार बादल्यांचा आवाज आला की म्हणायच्या, "बोलतायत माझी." मग चूळ भरायच्या.

वाईनचं उलट असतं. ती एकदा शांत झाली की तिला हवा लागता कामा नये. बूच गोणपाटात गुंडाळून लाकडी हातोड्यानं ठोकायचं, की नखसुद्धा शिरणार नाही. आमच्या ह्यांचे हात त्यात बसलेले. सासरे गेल्यावर बाग आणि तळघर ह्यांच्याकडे आलं, शेड वन्संकडे राहिली. मध्ये जेमतेम वीस पावलांचं अंगण. त्या अंगणात किती रक्त सांडलं ते अंगणालाच माहीत.

दर वर्षी भांडणाचं कारण एकच. द्राक्षं कधी तोडायची. ह्यांना वाईनसाठी ती पूर्ण पिकून गोड व्हायला हवीत. वन्संना बिअरसाठी आठ दिवस आधीची, थोडी करकरीत हवीत. खालच्या बाजूच्या दोन ओळी सासऱ्यांनी तोंडी वन्संना दिल्या होत्या. आणि सासऱ्यांचं तोंडी म्हणजे काय, ते मी सांगितलंच.

माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्या वर्षी वन्संनी कुणाला विचारलं नाही. सकाळी सातला कात्री आणि क्रेट घेऊन गेल्या आणि तोडायला लागल्या. मी मदतीला होते. आठ क्रेट भरले होते, तेव्हा हे वरून आले. धावत नव्हते. ह्यांचं धावणं परवडलं, चालत आले की वाईट.

"ठेव खाली," हे म्हणाले.

"माझ्या ओळी."

"आठ दिवस थांब म्हणून सांगितलं होतं ना?"

"तू थांब. तू अजून पिकायचा आहेस."

मला हसू आलं आणि तिथंच ते गिळावं लागलं, कारण ह्यांनी भरलेला क्रेट उचलला आणि दोन्ही हातांनी वन्संवर घातला. पंधरा किलोचा क्रेट. त्याची कड गळ्याजवळच्या हाडावर बसली. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला, मी पाच पावलांवरून ऐकला. वन्सं गुडघ्यावर बसल्या. डावा हात लोंबत होता. मला वाटलं, झालं. पण उजव्या हातात कात्री होती. हे वाकून बघायला गेले, आणि मी देवासमोर सांगते, त्या क्षणी ह्यांच्या तोंडावर राग नव्हता, भीती होती. तेवढ्यात वन्संनी कात्री वर मारली. उजव्या कानाची पाळी अर्धी लोंबायला लागली. ह्यांनी लाथ घातली. वन्संनी पोटरीत दात रोवले. मी किंचाळत होते, मातीची ढेकळं फेकत होते, ती कुणाला लागत होती देव जाणे. शेवटी दोघंही दमून वेलींच्या बुंध्याशी बसले, धापा टाकत. द्राक्षांवर रक्ताचे थेंब.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, ओठ पांढरे पडले होते, "रक्त लागलेले घड धुऊन घे बाई. नाहीतर चव बिघडेल."

गावातल्या डॉक्टरांनी ह्यांच्या कानाला सात टाके घातले. मग वन्संकडे वळले.

"कशानं झालं?"

"पडले."

"कशावर?"

"भावावर."

डॉक्टर हसले नाहीत. हाड दोन ठिकाणी मोडलंय, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन बसवून घ्या, म्हणाले. पण वन्संनी आधी द्राक्षं पिंपात पडल्याशिवाय हलणार नाही म्हणून सांगितलं. हात गळ्यात बांधून त्या स्टुलावर बसल्या आणि मी ओंजळ ओंजळ द्राक्षं चारही पिंपांत सोडली. घामानं त्यांचं पातळ भिजलं होतं, दुखण्याचा घाम. तरी डोळा भोकावर. "हळू. चेचून. हं. वर वीतभर जागा सोड." चार नळ्या लावल्या, चार बादल्या भरल्या. चौथ्या दिवशी सगळ्या बादल्या बुडबुडायला लागल्या, तेव्हा कुठं त्या शहरात यायला तयार झाल्या. दोन-तीन दिवसांचा प्रश्न होता. सालं ढकलायला मी शेजारी राहणाऱ्या चुलत जावेला सांगितलं.

जावेच्या माहेरहून दुसऱ्याच दिवशी निरोप आला, आई आजारी, आणि ती गेली. जाताना ह्यांना सांगून गेली, "शेडकडे बघा." एवढंच. कसं बघायचं ते सांगायचं राहिलं. आणि ज्याचा जन्म तळघरात गेला, त्या माणसाला बूच कसं बसवायचं ते कोण सांगणार?

आमच्या ह्यांना माफी मागता येत नाही. जिभेवर तो शब्दच नाही. हे काम करतात. माझ्याशी कधी चुकले तर नळ दुरुस्त करतात, खिडकीची कडी बसवतात. मी ओळखते आणि गप्प राहते. त्या दोन दिवसांत ह्यांनी शेडची फरशी घासली. कोपऱ्यातली जाळी काढली. पिंपं पुसली. आणि बघतात तर काय, चारही पिंपांची तोंडं अर्धवट उघडी, नळ्या लोंबतायत, भोवती चिलटांचे थवे. एरवी हे वन्संच्या शेडमध्ये कधी पाऊल टाकत नसत; बिअर तर वर्षाची जुनी, म्हणजे शांत झालेली, असा ह्यांचा हिशेब. जुन्या मालाला हवा लागतेय आणि ताई दवाखान्यात, बिचारीचं वर्षाचं काम नासणार. ह्यांनी नळ्या काढून स्वच्छ धुऊन खुंटीला टांगल्या. बुचं गोणपाटात गुंडाळली आणि ठोकली. सकाळी बघतात तर बुचं बोटभर वर आलेली. लाकूड जुनं, भोकं झिजलेली असणार, असं म्हणून पुन्हा ठोकली आणि वरून पत्र्याच्या पट्ट्या मारल्या, प्रत्येकीला सहा खिळे.

आयुष्यात पहिल्यांदा बहिणीसाठी केलेलं काम ते. इतकं मन लावून ह्यांनी स्वतःच्या तळघरातसुद्धा कधी केलं नसेल.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही परतलो. वन्संच्या खांद्याला पट्टे आवळलेले, चेहरा चुन्यासारखा. घरात न जाता त्या सरळ अंगणातून शेडकडे निघाल्या. दाराच्या अलीकडे थांबल्या. कान दिला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "माझी बोलत का नाहीत?"

आत हे होते. बाहीनं चौथं पिंप पुसत. आम्हाला बघून उठले, कानाला पट्टी, तोंडावर ते लहान मुलासारखं, बघा बरं मी काय केलं. वन्संची नजर खुंटीवर टांगलेल्या चार नळ्यांवर गेली आणि तिथून पिंपांवरच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर.

"कधी केलंस हे?"

"परवा. चिलटं जात होती आत. घट्ट करून टाकलीत, आता वर्षभर बघायला नको."

"काढ."

"काय?"

"पट्ट्या काढ, धाकट्या. फुटतील."

ह्यांचा चेहरा हळूहळू मावळला. "म्हणजे केलं तेही वाईटच. तुला हात लावला तरी वाईट, नाही लावला तरी वाईट."

"अरे, द्राक्षं आहेत आत! ताजी! हवा धरतायत!"

"तू मला पिंप शिकवतेस? मला?"

वन्संनी खाली पडलेली पहार उजव्या हातानं उचलली आणि पहिल्या पिंपाकडे निघाल्या. ह्यांना वाटलं, आली नेहमीसारखी. ह्यांनी पहार हिसकावून कोपऱ्यात फेकली आणि त्यांना ढकललं. त्या मोडक्या खांद्यावर पडल्या. ओरडल्या नाहीत, पण गळ्यातून जो आवाज आला तो मला अजून झोपेत ऐकू येतो.

तेवढ्यात मी पिंप पाहिलं. पहिल्या पिंपाच्या पुढच्या बाजूचं गोल झाकण, परातीएवढं, सपाट असायचं ते पुढे पोट आल्यासारखं फुगलं होतं. फळ्यांच्या फटींतून गुलाबी फेस येत होता. लाकूड कण्हत होतं.

"अहो, बघा ना त्याच्याकडे!" मी ओरडले.

ह्यांनी बघितलं. "गळतंय," हे म्हणाले. "इतकी जुनी पिंपं. लोखंडी कडं सैल झालंय." आणि लाकडी हातोडा घेऊन, त्या फुगलेल्या झाकणासमोर उकिडवं बसून, हे कडं आवळायला लागले. ठक. ठक. झाकणापासून ह्यांची छाती हातभर लांब नव्हती.

"धाकट्या, पाया पडते तुझ्या," वन्सं जमिनीवरून म्हणाल्या. "ऊठ तिथून."

मी त्या घरात एकोणीस वर्षं काढली होती. वन्सं कुणाच्या पाया पडते म्हणाल्याचं ऐकलं नव्हतं. ह्यांनीही नसावं, कारण ह्यांना ते खरं वाटलं नाही. "नाटकं कर," म्हणाले आणि पुन्हा ठक.

मी ह्यांचा सदरा धरून ओढला, ह्यांनी मला कोपरानं बाजूला केलं. मी देवाचं नाव घेत होते आणि त्याच तोंडानं ह्यांना शिव्याही देत होते.

मग वन्सं उठल्या. शांतपणे. एका हातानं भिंत धरून. बोलणं संपलं होतं, चाळीस वर्षांत ज्याला शब्द दिले नाहीत त्याला आता ते कुठून कळणार? पण या भावाची एक गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. मार खाल्ला की परत दिल्याशिवाय तो राहत नाही. जेवण टाकेल, झोप टाकेल, तो फटका टाकणार नाही.

त्या मागून आल्या आणि सात टाके घातलेल्या त्या कानावर उजव्या हाताची अशी सणसणीत थप्पड ठेवून दिली की पट्टी तांबडी झाली. आणि पळाल्या. तुटलेलं हाड घेऊन बाई दारातून बाणासारखी सुटली. हे किंचाळले, हातोडा टाकला आणि मागे धावले. जाताना वन्संनी उजव्या हातानं माझा पदर पकडून मलाही बाहेर ओढलं होतं.

अंगणाच्या मध्यावर ह्यांनी गाठलं. केस मुठीत धरले, हात वर उचलला.

आणि शेड फुटली.

असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. दोन-चार पत्रे उडाले. दारातून जांभळी लाट बाहेर आली आणि आमच्या पायांवरून गेली, सालं, बिया, लाकडाच्या चिरफळ्या. समोरच्या विटांच्या भिंतीत झाकण रुतून बसलं होतं, उकिडवं बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. तो खळगा आम्ही आजही बुजवलेला नाही.

ह्यांचा हात तसाच वर. त्या हाताचं काय करायचं ते ह्यांना कळेना. शेवटी हळूच खाली आणून ह्यांनी स्वतःचं डोकं खाजवलं.

"तीन राहिलीत," वन्सं म्हणाल्या.

ती पिंपं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. आंबटपणा बिअरमध्ये नसतो, तो त्या लाकडात राहतो. तेवीस वर्षं राहिलेला. पिंप गेलं की तो गेला, नव्या पिंपात पुन्हा तेवीस वर्षं. या बाईकडे नवरा नाही, मूल नाही. होतं ते एवढंच. आणि हात एकच, त्यानं सहा खिळ्यांची पट्टी निघणार नव्हती.

हे त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "कसं काढायचं, सांग."

मी ते तीन शब्द ऐकले आणि मला रडू फुटलं, धोका अजून संपलेला नसताना.

वन्सं दाराच्या आडून सांगत होत्या, हे ऐकत होते. "समोर जाऊ नकोस. बाजूनं. वाकू नकोस, धाकट्या. तोंड लांब. हात लांब करून पहार घाल." दुसऱ्या पिंपाचे पाच खिळे निघाले. सहावा निघेना. खिळा अडला की जवळ जाऊन बघायचं, ही ह्यांची तळघरातली जन्माची सवय. हे वाकले. वन्सं ओरडल्या, तोवर बूच सुटलं होतं. गोणपाटासकट ते ह्यांच्या डाव्या डोळ्यावर बसलं.

मी आत धावले. काय दिसलं ते लिहीत नाही. बोटांच्या फटींतून रक्त आणि वरून जांभळ्या फेसाचं कारंजं, दोन्ही एकाच रंगाचं झालेलं.

"सोड!" वन्सं म्हणत होत्या. "सोड ती पिंपं! जाऊ देत! बाहेर ये!"

"तुझी आहेत ना?" हे म्हणाले.

माझ्या पदराचा बोळा डोळ्यावर दाबून ह्यांनी पहार पुन्हा उचलली. तिसऱ्याला अंतर चुकायला लागलं, एका डोळ्यानं खिळा कुठं आहे ते समजेना. वन्सं आत येऊन ह्यांच्या मागे उभ्या राहिल्या. "डावीकडे. आणखी. हं, आता दाब. मागे हो." बूच छताला लागलं. चौथं. "उजवीकडे. थांब. आता." तेही सुटलं. मग हे खाली बसले आणि तिथंच ओकले.

डोळा गेला. मी देवाला का गेला म्हणून विचारलं नाही. का गेला ते मला माहीत होतं. तो माणूस उरला, एवढंच त्याला सांगून हात जोडले.

तीन पिंपं वाचली. तीन महिन्यांनी काढलेली बिअर नेहमीपेक्षा कडक आंबट निघाली. ह्यांनी एक घोट घेतला, उरलेल्या डोळ्यात पाणी आलं. "मुद्दाम एवढी आंबट केलीस का गं?" म्हणाले. वन्सं म्हणाल्या, "तुझ्यासारखीच झालीय. तोंडात घेववत नाही आणि टाकवत नाही."

दोघं सुधारली, असं मी म्हणणार नाही. वन्संच्या तोंडाची धार वाढली. ह्यांचा हात मात्र त्या दिवशी अंगणात खाली आला तो पुन्हा उठलेला मी पाहिला नाही. वन्संचा उठतो. वय बासष्ट झालं तरी उठतो. पण त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतलाय, कुणी सांगितलेला नाही: न दिसणाऱ्या बाजूनं मारायचं नाही.

परवाचीच गोष्ट. द्राक्षांवरूनच. हे खुर्चीत बसले होते, वन्सं डावीकडे उभ्या.

"आठ दिवस थांब," हे म्हणाले.

"नाही थांबणार."

"नाही थांबलीस तर नासतील. तुला कळतं काय त्यातलं?"

वन्संचा हात वर गेला. ह्यांना दिसला नाही. त्यांनी तो तसाच धरून ठेवला आणि खुर्चीला वळसा घालून उजव्या बाजूला निघाल्या. आता गुडघे दुखतात त्यांचे. खुर्चीमागे पोत्यांची थप्पी होती, तिच्यावरून जावं लागलं. एकदा थांबून दम घेतला, हात वरच. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी.

समोर येऊन पोचल्या, ह्यांनी मान वर करून पाहिलं आणि गाल पुढे केला.

"काय म्हणत होतास तू?" वन्संनी विचारलं.

"आठ दिवस म्हणत होतो."

"चार," वन्सं म्हणाल्या आणि वर राहिलेल्या त्या हातानं माझ्या ट्रेमधला कप उचलला.